डोळे चुरचुरतात, पण बाटलीवर तर ‘फ्री’ लिहिलंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नऊ वर्षांपासून माझं छोटं पार्लर आहे. दोन खुर्च्या, मी आणि मदतीला तेवीस वर्षांची एक मुलगी. निम्मी कमाई केराटिन स्मूदनिंगची, म्हणजे औषध आणि गरम इस्त्रीने केस सरळ करण्याची. सहा महिन्यांपासून त्या मुलीला खोकला आहे. विचारलं की म्हणते, ‘ताई, मला काही नाही,’ पण स्मूदनिंग चालू असलं की दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन उभी राहते. माझेही डोळे चुरचुरतात, पण मला आता सवय झाली आहे. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका क्लायंटने बाटली मागून घेतली. मी अभिमानाने ‘फॉर्मलडिहाइड फ्री’ लिहिलेलं दाखवलं. तिने मागच्या बाजूचा फोटो काढला आणि रात्री मेसेज केला, ‘यात मिथिलीन ग्लायकॉल आहे, म्हणजे तेच.’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. माल देणारा म्हणतो, सगळे हेच वापरतात, कायद्याने बंद असतं तर विकायला मिळालं असतं का? नवरा म्हणतो, नऊ वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार? मी बंद केलं तर क्लायंट दुसरीकडे जातील. शिवाय त्या स्वतःहून मागतात, मी कोणावर जबरदस्ती करत नाही. मी काय करू?

उत्तर:

आधी सरळ सांगते. प्रयोगशाळेतल्या त्या बाई बरोबर आहेत.

फॉर्मलडिहाइड हा मुळात वायू. तो पाण्यात सोडला की पाण्याशी जोडला जाऊन मिथिलीन ग्लायकॉल बनतं. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत बेडूक ठेवलेला असायचा, आठवतो? त्या बरणीत जे पाणी असायचं ते फॉर्मलिन, म्हणजे हेच द्रावण. बेडूक त्यात वर्षानुवर्षं सडत नाही, कारण फॉर्मलडिहाइड प्रथिनांचे धागे एकमेकांना बांधून टाकतं. केस म्हणजेही प्रथिनच. औषध लावायचं, ड्रायरने वाळवायचं, मग एकेक पातळ बट घेऊन २३० अंशांच्या इस्त्रीने सात-आठ वेळा ओढायची. केस सरळ असतानाच त्याचे धागे आडवे बांधले जातात आणि तो पुढचे काही महिने तसाच राहतो. बरणीतला बेडूक जसाच्या तसा राहतो, तसाच. नावात ‘केराटिन’, म्हणजे केसातलं प्रथिन, असलं तरी केस सरळ धरून ठेवण्याचं काम त्याचं नाही, त्याचा उपयोग फार तर चकाकी येण्यापुरता.

मग बाटलीवर ‘फ्री’ कसं लिहितात? बाटलीत वायू नाही, द्रावण आहे, म्हणून. वकिली भाषेत हे खपून जात असेल. तुमच्या खोलीत खपत नाही, कारण हा बदल दोन्ही दिशांनी होतो. द्रावण तापलं की पाणी उडतं आणि वायू पुन्हा मोकळा होतो. बटेवरून इस्त्री फिरताना जो पांढरा धूर वर येतो, त्यात तो असतो.

ही माझी शंका नाही. २०१० साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने सलोनमध्ये जाऊन या औषधांचे नमुने गोळा केले. ‘फॉर्मलडिहाइड फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका औषधात सरासरी ८ टक्क्यांहून जास्त फॉर्मलडिहाइड निघालं. या तपासणीची सुरुवातही तुमच्याकडच्यासारखीच झाली होती. काम करणाऱ्या बायकांनी डोळे जळतात, श्वास अडकतो, नाकातून रक्त येतं अशा तक्रारी केल्या, बाटली बघितली तर त्यावर ‘फ्री’. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, उत्पादकाला इशाऱ्याचं पत्र पाठवलं. त्याच वर्षी तिथल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्याच तज्ज्ञ मंडळाने फॉर्मलडिहाइड आणि मिथिलीन ग्लायकॉल या दोघांचा एकत्र विचार करून निष्कर्ष दिला, की केस सरळ करण्याच्या औषधात त्यांचा वापर सुरक्षित नाही. उद्योगाचंच मंडळ म्हणते मी, विरोधकांचं नव्हे. तुमच्या माल देणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

आता त्याचा दुसरा मुद्दा. ‘बंद असतं तर विकायला मिळालं असतं का?’

मिळालं असतं, आणि मिळतंही. दुकानात आलेली वस्तू कुठल्या तरी सरकारी टेबलावर तपासून आलेली असते असं आपण सगळेच धरून चालतो. आजारावरच्या औषधांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत नाही. अमेरिकेत रंगद्रव्यं सोडली तर सौंदर्यप्रसाधन बाजारात आणण्याआधी एफडीएची मंजुरी लागतच नाही. युरोपमध्ये नियम कडक आहेत, पण तिथेही सुरक्षिततेचा अहवाल करून ठेवण्याची जबाबदारी कंपनीवरच असते. सरकार नंतर तपासतं, बहुतेक वेळा तक्रार आल्यावर. म्हणजे ‘विकायला आहे’ याचा अर्थ इतकाच, की अजून कोणी थांबवलेलं नाही.

आणि थांबवलंय तरी किती वेगवेगळ्या पद्धतींनी, ते बघा. युरोपीय संघात पूर्वी प्रसाधन टिकवण्यासाठी ०.२ टक्क्यांपर्यंत आणि नखं कडक करणाऱ्या द्रवात ५ टक्क्यांपर्यंत फॉर्मलडिहाइड चालायचं. कर्करोगकारक म्हणून त्याचं वर्गीकरण झाल्यावर २०१९ मध्ये ते सौंदर्यप्रसाधनांतून पूर्ण बाद केलं. ब्राझीलची गंमत तर वेगळीच. ही सगळी ट्रीटमेंट जगभर त्या देशाच्या नावाने खपली आणि खुद्द तिथे केस सरळ करायला फॉर्मलडिहाइड वापरायला परवानगी नाही. फक्त टिकाऊपणासाठी अगदी थोडं चालतं. तरी लोक दुकानातून फॉर्मलिन आणून औषधात मिसळायचे, म्हणून २००९ मध्ये तिथल्या नियामक संस्थेने औषधाच्या आणि किराणा दुकानांतून त्याची विक्रीच बंद केली. अमेरिकेत २०२३ मध्ये केस सरळ करणाऱ्या औषधांतून ते काढून टाकण्याचा प्रस्ताव एफडीएच्या कामांच्या यादीत आला, २०२४ च्या एप्रिलची तारीख पडली आणि मग ती पुढे ढकलली गेली. ओरेगनच्या तपासणीपासून मोजा, किती वर्षं झाली. एवढ्या काळात किती जणींनी ती इस्त्री धरली असेल.

पण कायद्याविषयी माझी खरी तक्रार दिरंगाईची नाही. प्रसाधनांचे नियम बाटलीकडे बघतात: किती टक्के, लेबलवर काय छापलंय. तुमचा धोका बाटलीत नाही, तो इस्त्री बटेला टेकते त्या क्षणी हवेत तयार होतो. म्हणून ‘हे औषध सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाशी तुम्ही नऊ वर्षं झुंजत बसलात तरी उत्तर मिळणार नाही. प्रश्न असा विचारा: या खोलीत, या तीन तासांत, कोणाच्या नाकात किती जातंय?

तो प्रश्न विचारणारे नियमही आहेत, फक्त ते प्रसाधनांच्या नव्हे, कामगारांच्या कायद्यात सापडतात. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या पाळीत हवेतलं फॉर्मलडिहाइड सरासरी दहा लाख भागांत ०.७५ भाग, आणि कुठल्याही पंधरा मिनिटांत २ भाग, यापलीकडे जाता कामा नये. २०११ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा विभागाने सलोनमध्ये मोजमाप केलं, तेव्हा एका जागी केस ड्रायरने वाळवत असताना आकडा १० च्या वर गेला होता. पंधरा मिनिटांच्या मर्यादेच्या पाचपट. इस्त्री पुढची पायरी, हे नुसत्या ड्रायरचं. आणि औषधाच्या बाटलीवर तेव्हाही ‘फ्री’च होतं.

एकदा मावसबहिणीला सोबत म्हणून मी अशा खोलीत दोन तास बसले होते. एसी चालू, म्हणून दारं-खिडक्या बंद. अर्ध्या तासात माझे डोळे वाहायला लागले, मला वाटलं काजळ गेलं असेल डोळ्यात. बहिणीच्या नाकाला ओला रुमाल दिला होता. इस्त्री करणाऱ्या मुलीला कोणी काही दिलं नव्हतं आणि तिचे डोळे कोरडे होते. मला तेव्हा वाटलं, बघा, हिला काही होत नाही म्हणजे मीच नाजूक.

म्हणून तुमच्या ‘सवय झाली’ या शब्दांवर मी अडले. नाकाला वासाची सवय होते हे खरं, पण सवय नाकाला होते, फुप्फुसाला नाही. वास येईनासा झाला म्हणून हवेतलं प्रमाण एका कणानेही कमी होत नाही, फक्त तुमच्याकडचा एकुलता एक मोजण्याचा काटा बंद पडतो. त्या मुलीचा काटा अजून चालू आहे. तिला नाजूक समजू नका. उलट, या खोलीतल्या हवेबद्दल खरं सांगणारं तुमच्याकडे ती एकटीच आहे.

तुमच्या यजमानांच्या ‘नऊ वर्षांत काही झालं नाही’ला मी दोन तुकड्यांत उत्तर देते, कारण त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी गुंतल्या आहेत.

एक कर्करोगाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मलडिहाइडला २००४ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरावा पक्का. आधी नाकामागच्या घशाच्या कर्करोगासाठी, पुढे २००९ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठीही. हा पुरावा प्रामुख्याने कारखान्यांतले कामगार आणि प्रेतं टिकवण्याचं काम करणारे लोक यांच्यावरून आला, वर्षानुवर्षं तेच श्वासात घेणारे. आता घाबरण्याआधी एक लक्षात घ्या. पहिला गट म्हणजे पुरावा किती पक्का त्याची प्रतवारी आहे, धोका किती मोठा त्याची नव्हे. तो प्रमाणावर आणि वर्षांवर ठरतो. फॉर्मलडिहाइड आपल्या शरीरातही थोडं तयार होतं आणि मोडलं जातं. त्यामुळे तुम्हाला कर्करोग होणारच असं कोणी म्हणालं तर ते खोटं. पण असे आजार नवव्या वर्षी दार वाजवून येत नाहीत, त्यांना दशकं लागतात. तेव्हा ‘काही झालं नाही’ हाही पुरावा नव्हे.

२०२२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच्या बातम्या तुमच्या क्लायंटनीही वाचल्या असतील. सुमारे ३४ हजार बायकांची माहिती होती. केस सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरलेल्यांमध्ये सत्तर वर्षांपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज निघाला. मात्र कुणी नेमकं कुठलं औषध, कुठलं रसायन वापरलं हे त्यात नोंदलेलं नव्हतं. त्यामुळे त्याचं खापर एकट्या फॉर्मलडिहाइडवर फोडता येत नाही. तुम्हीही क्लायंटला हा आकडा दाखवून घाबरवू नका.

दुसरी गोष्ट दम्याची, आणि तुमच्याकडे आत्ता, या महिन्यात, प्रश्न तिचा आहे. फॉर्मलडिहाइडने श्वासनलिका चिडते हे एक. काही जणांत ती संवेदनशील होऊन बसते हे त्याहून वाईट. एकदा तसं झालं की पुढे अगदी थोड्या वासानेही दम लागतो, आणि मग हे क्षेत्रच सोडावं लागू शकतं. तेविसाव्या वर्षी, हातात तेवढी एकच कला असताना. सहा महिन्यांचा खोकला म्हणजे थंडी-वारा नाही.

तिला विचारायचे प्रश्न सोपे आहेत. सुट्टीच्या दिवशी खोकला कमी असतो का? चार-पाच दिवस बाहेरगावी गेली होती तेव्हा कसं होतं? स्मूदनिंगच्या रात्री छातीत घरघर होते का? उत्तरं ‘हो’ आली तर तिला छातीच्या डॉक्टरकडे पाठवा आणि ती काय काम करते हे त्यांना सांगायला लावा. डॉक्टर बहुतेकदा तुम्ही काय करता हे विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाहीत, खोकल्याचं औषध घेऊन परत येतात. बाटलीच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये असू द्या. तपासणीचा खर्च तुम्ही करा. आणि ‘मला काही नाही’ हे ती तुम्हाला सांगते आहे, म्हणजे पगार देणाऱ्या ताईला, हेही ध्यानात ठेवा. तुम्ही तिच्या जागी असता तर दुसरं काय म्हणाला असता? काम जाणार नाही हे आधी बोला, मग तब्येतीचं विचारा. क्रम उलटा झाला तर खरं उत्तर मिळणार नाही.

‘क्लायंट स्वतःहून मागतात, मी जबरदस्ती करत नाही.’ मान्य. पण क्लायंट वर्षातून दोनदा येते, ओला रुमाल नाकाला लावते आणि जाते. तुम्ही दोघी आठवड्यातून चारदा तिथे उभ्या असता, तोंड थेट धुराच्या वर. तिने निवड केली तीही ‘फ्री’ हे लेबल वाचून. आणि मदतीला असलेल्या मुलीने तर काहीच निवडलेलं नाही.

आता करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर हे औषध वापरणं थांबवलं असतं. हे लिहिणं मला सोपं आहे, भाडं तुम्हाला भरायचं आहे, हे कळतं मला. म्हणून थांबवायचं कसं याविषयी जरा सविस्तर.

माल देणाऱ्याशी वाद घालत बसू नका. त्याच्याकडे एक कागद मागा: मटेरियल सेफ्टी डेटा शीट. रसायन बनवणाऱ्याकडे ती असायला हवी आणि ती सोळा भागांची असते. तुम्हाला तीनच भाग बघायचे आहेत. तिसऱ्या भागात घटक आणि त्यांचं प्रमाण असतं. तिथे फॉर्मलडिहाइड, फॉर्मलिन, मिथिलीन ग्लायकॉल, मिथेनल, मिथेनडायॉल यांपैकी काहीही दिसलं तर ते एकच गृहस्थ, वेगवेगळे सदरे घालून आलेले. आठव्या भागात काम करताना कसली हवा आणि कसला मास्क लागतो ते लिहिलेलं असतं. दहाव्या भागात, आणि हा भाग कोणीच वाचत नाही, तापवल्यावर त्यातून काय बाहेर पडतं ते असतं. तिसऱ्या भागात नाव नसून दहाव्यात असेल तर इस्त्री टेकल्यावर काय होणार ते तुम्हाला कळलंच. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर त्या औषधाविषयी आणखी काही शोधायची गरज नाही.

तो लगेच म्हणेल, मग हे दुसरं घ्या, यात फॉर्मलडिहाइड खरंच नाही. बाटली फिरवून ग्लायऑक्सिलिक ॲसिड हे नाव शोधा. फॉर्मलडिहाइडची बदनामी झाल्यावर बाजाराने घाईघाईने आणलेला हा पर्याय. इस्त्रीच्या उष्णतेने त्यातूनही फॉर्मलडिहाइड सुटू शकतं, पण त्याहून मोठी भानगड मूत्रपिंडाची आहे. इस्रायलमध्ये २०१९ ते २०२२ या काळात केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंड अचानक बिघडलेल्या २६ रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. २०२४ मध्ये एका तरुणीची कहाणी वैद्यकीय नियतकालिकात आली. २०२०, २०२१ आणि २०२२, तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली. हे ॲसिड त्वचेतून आत जातं, शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे खडे मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकतात. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीला लावून पाहिलं, तर त्यांच्याही मूत्रपिंडात तेच खडे दिसले. तेव्हा एक बाटली काढून त्याच जागी ही ठेवू नका. ट्रीटमेंटनंतर क्लायंटला मळमळ, उलट्या, कंबरेत किंवा पोटात दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं तर ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.

थायोग्लायकोलेटची जुनी स्ट्रेटनिंगची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. ती केसातले गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडते, फॉर्मलडिहाइडची तिथे गरज नाही. निर्दोष तीही नाही. वास घाण, टाळूला झोंबते, आणि ब्लीच केलेल्या केसांवर लावली तर केस हातात येतात. पण तिचे दोष समोर दिसतात, क्लायंटला आधी सांगता येतात, एका बटेवर करून बघता येतात. बाकी साधा ब्लो-ड्राय, हेअर स्पा, चांगला कट. दोन धुण्यांत जाणाऱ्या गोष्टी आहेत या, मान्य. पण ज्यांना सरळ केस एखाद्या दिवसापुरतेच हवे असतात अशा किती जणी तुमच्याकडे आहेत, कधी मोजलंत? निम्मी कमाई स्मूदनिंगची म्हणता, ती ट्रीटमेंटमागे जास्त पैसे मिळतात म्हणून. त्यात लागणारे तीन-चार तास दोघींचे धरा, औषधाची किंमत वजा करा आणि तेवढ्या वेळात कट आणि कलर किती होतात ते मांडून बघा. फरक तुम्हाला वाटतो तितका निघेलच असं नाही.

तोवरच्या काळासाठी, म्हणजे ठरलेल्या अपॉइंटमेंट संपेपर्यंत, खोलीचं बघा. भिंतीवरचा एसी हवा बाहेर टाकत नाही, आतलीच हवा गार करून पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडतो. खुर्ची खिडकीजवळ हलवा, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, आणि तो धूर क्लायंटच्या डोक्यावरून थेट बाहेर खेचेल असा बसवा, तुमच्या नाकावरून नव्हे. सर्जिकल मास्क आणि एन-९५ दोन्ही वायूसमोर निरुपयोगी आहेत, ते कण अडवतात. फॉर्मलडिहाइडसाठी वेगळ्या काडतुसाचा मास्क लागतो. तो घालून पार्लरमध्ये उभं राहायची वेळ आली तर समोरच्या क्लायंटला तसंच बसवायचं का, हा प्रश्न आपोआप पुढे येईल. औषध कमी लावा, इस्त्रीचं तापमान खाली आणा. एका वेळी एकच ट्रीटमेंट. त्या मुलीला त्या वेळात खोलीच्या बाहेरचं काम द्या, पगार न कापता. एवढं करूनही हे जोखीम कमी करणं आहे, संपवणं नाही.

पत्र न लिहिता हे वाचणाऱ्या ज्या आहेत, म्हणजे खुर्चीत बसणाऱ्या, त्यांच्यासाठीही थोडं. पार्लरवालीला आरोपी करू नका, तीच सगळ्यात जास्त श्वासात घेते. बाटली मागा, मागची बाजू वाचा, खोलीची हवा कुठून बाहेर जाते ते बघा. दमा असेल, दिवस गेले असतील, तर नकोच. लहान मुलींचे तर मुळीच नको. घरी न्हाणीघराचं दार लावून स्वतः करणं हे सगळ्यात वाईट.

आणि यामुळे घरातल्या शाम्पूकडे संशयाने बघत बसू नका. डीएमडीएम हायडँटॉइन किंवा इमिडाझोलिडिनिल युरिया ही नावं शाम्पूवर दिसतील. ती टिकवण्यासाठी घातलेली, अगदी थोडं थोडं फॉर्मलडिहाइड सोडणारी रसायनं आहेत. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना पुरळ उठतं, खाज येते, म्हणून युरोपने २०२२ मध्ये लेबलची अट कडक केली. तयार प्रसाधनात सुटलेलं फॉर्मलडिहाइड ०.००१ टक्क्याच्या वर असेल तर तसं छापावं लागतं, आधी ही रेषा ०.०५ टक्क्यावर होती. पण थंड पाण्याने धुऊन टाकायचा शाम्पू आणि २३० अंशांवर भाजलेलं ८ टक्क्यांचं द्रावण यांना एका तागडीत घालण्यात अर्थ नाही.

तुमच्या रॅकवर उरलेल्या बाटल्या बेसिनमध्ये ओतू नका. झाकणं घट्ट लावून, उन्हापासून लांब ठेवा आणि माल देणाऱ्याला परत घ्यायला लावा. ‘फ्री’ लिहून दिलं होतं ना, मग मागच्या बाजूचा फोटो आणि हे लेबल सोबत दाखवा. तुमच्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणारं जे सरकारी खातं असेल, त्यांच्याकडे लेखी तक्रार करा. बॅच नंबर, तारीख, कोणाला काय त्रास झाला एवढं पुरे. ओरेगनमध्ये प्रयोगशाळेपर्यंत बाटली पोचली ती कोणीतरी तक्रार केली म्हणून.

क्लायंटना काय सांगायचं? लांबलचक नको. ‘या औषधाने माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीला त्रास होतोय, म्हणून मी ते बंद केलंय.’ काही जणी शेजारच्या पार्लरमध्ये जातील. जातील, त्याला इलाज नाही. काही थांबतील, आणि त्यातल्या दोघी-तिघी हळूच म्हणतील की त्यांचेही डोळे जळायचे, पण बोलायचं कसं म्हणून गप्प बसल्या होत्या.

आणि प्रयोगशाळेतल्या त्या बाईंना आज रात्री मेसेज करा. ‘तुमचं बरोबर होतं’ एवढा पुरे. जमलं तर पुढे एक विनंती जोडा: सेफ्टी डेटा शीट आली की तिचा दहावा भाग माझ्याबरोबर बसून वाचाल का?